पावलाचा रोट

व्होलोस, ग्रीस
१९ ऑक्टोबर १९९७

वेलिकाताई,

पोचले एकदाची. मित्कोची बस डोंगरात बंद पडली, सीमेवर आम्हांला ताटकळत ठेवलं, पण पोचले. घर चांगलं आहे. देस्पिनाबाई म्हणजे माझी म्हातारी, एका अंगाने गेलेली आहे, बोलणं तोंडातल्या तोंडात. तिचा मुलगा थानासिस बंदराजवळ दुकान चालवतो. माझा पासपोर्ट त्याने "सांभाळून ठेवतो" म्हणून नेला. वसंतात तिची मुलगी ऑस्ट्रेलियाहून कायमची यायची आहे. ती आली की मी सुटले.

दूध अजून थांबलं नाही, ताई. रस्त्यात कुणाचंही मूल रडलं की ब्लाउज भिजतो. काल म्हातारीला सूप भरवताना भिजला. तिने बघितलं आणि आपल्या गळ्यातला टॉवेल काढून माझ्याकडे सरकवला.

तुम्ही म्हणाल, आता रडून काय उपयोग, तूच गेलीस. हो, मीच गेले. तुमचा भाऊ झिवको खाणीतच दगावला. नंतर खाणच बंद झाली, माझा शिलाईचा कारखानाही बंद. दोन पोरं आणि तुमची ती तंबाखूची पट्टी, त्यात काय भागणार होतं? नवऱ्याच्या बहिणीच्या पदरात पोरं टाकून जायची वेळ माझ्यावर आली. तुमच्यावर भरवसा आहे म्हणून तरी गेले.

एकच मागते. आसेनने पहिलं पाऊल टाकलं की करायचा तो पावलाचा रोट माझ्या हातचा होऊ दे. थोरल्या एलित्साच्या वेळी मी दुपारपाळीला होते. घरी आले तर रोट मोडून झालेला, बायका वाटेला लागलेल्या. सासूबाईंनी माझ्यापुरता तुकडा झाकून ठेवला होता. तो चालत चालत खायचा म्हणून मी स्वयंपाकघरात एकटीच फेऱ्या मारत खाल्ला. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या लेकराचा रोट मी मळीन, मी भाजीन, आणि मीच तो त्याच्यापुढे अंगणात घरंगळत सोडीन.

मेमध्ये, गेओर्गीच्या सणाला मी येते. तोवर तो चालायला लागला तरी रोट करू नका. आणि हसाल तुम्ही, पण जमलं तर मी येईपर्यंत त्याला चालूच देऊ नका.

तुमची,
इस्क्रा


कामेनिक
९ नोव्हेंबर १९९७

इस्क्रा,

पत्र मिळालं, पुडकं मिळालं, आणि सीमेवर आपण कसे मोठ्या हिकमतीने सुटलो ते मित्कोने अर्धा तास ऐकवलं ते वेगळंच. जीभ नाही, पट्टा आहे गिरणीचा.

चालू देऊ नका म्हणे! मी काय त्याला खुंट्याला बांधू? डोकं ठिकाणावर आहे ना, बयो? अजून धड उभं राहता येत नाही त्याला. उभा केला की हळूहळू एका बाजूला कलतो आणि कलता कलता माझ्याकडे असा बघतो की जणू मीच ढकललं.

बातमी ऐक. पहिला दात आला! खालचा. आधी दिसला एलीला. ती त्याला दही भरवत होती आणि एकदम किंचाळली, मला वाटलं चमचाच गिळला कारट्याने. पहिला दात बघणाऱ्याने सदरा द्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. गेली आणि आपल्या बाहुलीचा सदरा काढून घेऊन आली. त्याच्या एका मुठीत मावला तो सदरा. पण दिला पोरीने. बाहुली आता उघडीच बसलीय, आणि थंडी वाजते म्हणून माझ्या चांगल्या रुमालात गुंडाळलीय.

रडतो का, म्हणून मित्कोकरवी विचारलंस. सुरुवातीला रडला. आता नाही. ह्यावर मला जास्त खोदून विचारू नकोस.

झोपताना त्याला माझा कान लागतो. मुठीत धरतो आणि ओढत राहतो, झोप लागली तरी सोडत नाही. पन्नाशीला आले, ह्या कानाला आजवर कुणी प्रेमाने हात लावला नव्हता. आता एक कान दुसऱ्यापेक्षा लांब होणार, तू आलीस की ओळखणार नाहीस मला.

तंबाखूच्या माळा उतरवायच्या आहेत, थांबते. पोटाला नीट खा. म्हातारीच्या सूपवर राहू नकोस.

वेलिका


व्होलोस
२० डिसेंबर १९९७

वेलिकाताई,

कान धरून झोपतो हे वाचून आधी हसले, मग हसू कुठच्या कुठे गेलं. माझ्याजवळ होता तेव्हा वेणीचं टोक धरायचा तो. कानाची सवय मला माहीतच नाही. माझ्या मुलाची एक सवय मला माहीत नाही, ताई. मनात आलं, वेणी कापून पाठवावी का? वेडेपणा, कळतंय मला.

माझा फोटो दाखवता का त्याला? रोज दाखवा. नाताळाला मित्कोबरोबर बूट पाठवतेय. समोरच्या घरातल्या बाळाच्या पायावर माप घेतलं. त्या बाळाची आई माझ्याकडे बघतच राहिली.

तुम्ही छान लिहिता, पण घाईत आटपता. मला सगळं लिहा. किती खातो, कशाला हसतो, शिंक कशी देतो. तुम्हांला वाटेल ह्यात काय लिहायचं, तेसुद्धा लिहा. मी इथे दिवसभर म्हातारीचं मुकाट करते आणि तिला झोप लागली की तुमची पत्रं काढून बसते. तेवढंच माझं आईपण उरलंय.

इस्क्रा


कामेनिक
२५ जानेवारी १९९८

इस्क्रा,

बूट मिळाले. छान आहेत, पुढच्या हिवाळ्यात होतील. तोवर एकात एलीने मांजराचं पिल्लू ठेवलंय.

शिंक कशी देतो, लिहा म्हणे! बरं, लिहिते. आधी डोळे मोठे करतो, कुणीतरी येतंय असं. मग तोंड उघडं ठेवून वाट बघतो. मग शिंकतो आणि स्वतःच दचकतो. झालं समाधान?

फोटो रोज दाखवते. तोंड लावतो फोटोला. खोटं नाही सांगत, भिंतीवरच्या कॅलेंडरलाही लावतो आणि बटाट्यालाही. पण तुझ्या फोटोला जरा जास्त वेळ लावतो.

एलीचा समोरचा दात पडला. छपरावर फेकताना कावळ्याला ओरडून सांगितलं, हा घे हाडाचा, मला लोखंडाचा दे. आता रोज सकाळी बोट घालून बघते, लोखंड आलं का.

बाहेर कमरेएवढा बर्फ आहे, आम्ही स्वयंपाकघरातच राहतो.

आसेनचं म्हणशील तर बाकाला धरून उभा राहतो. सोडलं की बसतो. बास, एवढंच.

एलीने चित्र काढलंय तुझ्यासाठी, घातलंय पाकिटात. काहीच्या बाही काढते ती, मनावर घेऊ नकोस.

वेलिका


व्होलोस
८ मार्च १९९८

वेलिकाताई,

आज आठ मार्च. तिकडे पोरं आयांना फुलं देत असतील. मला देस्पिनाबाईने खाऊच्या बशीतलं संत्रं दिलं. तिला तारीख माहीत नाही, उगीच दिलं असेल, पण मी आपली समजूत करून घेतली.

एलीचं चित्र उशाशी लावलंय. तिने आसेनला कोंबडीमागे पळताना काढलंय, हात वर केलेले, आणि पायांना इतकी बोटं! बिचारीला किती वाटतं की भावाने आपल्याबरोबर खेळावं. तिला सांगा, पळेल गं तो, आई आली की पळेल.

पण ताई, तेरावा महिना सरला. अजून नुसता उभाच राहतो? एली दहाव्या महिन्यात चालली होती. तुम्ही पत्रात दात लिहिता, शिंक लिहिता, पण पायांचं आलं की एका ओळीत मिटवता. काही आहे का? असलं तर लपवू नका.

आणि दुसरी बातमी वाईट. इथली मुलगी आता ऑगस्टमध्ये येणार. थानासिस म्हणतो, तोवर पासपोर्ट मिळणार नाही. मी रडले, भांडले, म्हाताऱ्या बाईला अशी टाकून जाशील का म्हणाला. माझं लेकरू मी टाकून आलेय हे ह्याला कोण सांगणार! गेओर्गीच्या सणाला येणं होत नाही.

इस्क्रा


कामेनिक
२९ मार्च १९९८

इस्क्रा,

ऑगस्ट? तू गेओर्गीच्या सणाला येते म्हणाली होतीस. मी त्याच हिशोबाने... असो. ऑगस्ट फार लांब आहे, बयो. काही करून आधी नाही का जमणार?

त्याच्या पायांना काही झालेलं नाही. चांगले जाड, गुबगुबीत पाय आहेत, बापासारखे. प्रत्येक पोराची आपली वेळ असते. शेजारच्या गिंकाकाकूचा मुलगा दोन वर्षांचा होऊन चालला. आज पोस्टमन आहे, अख्ख्या डोंगरात पायी हिंडतो. तेव्हा तू उगीच डॉक्टर-औषधांच्या नादी लागू नकोस.

परवा कपाळाला टेंगूळ आलं, बाकावरून घसरला. लोणी चोळलं, उतरलं.

खातो भरपूर. घेवड्याचं कालवण वाटीभर खातो आणि वाटी डोक्यावर उपडी घालतो. सगळं ठीक आहे. तू फक्त लवकर ये.

वेलिका


व्होलोस
१० मे १९९८

वेलिकाताई,

ईस्टरला फोन केला तेव्हा तुम्ही त्याला रिसीव्हर दिलात. काही बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. माझ्या मागे रांग होती, लोक खेकसत होते, मी तो श्वास ऐकत उभी राहिले. मग तुम्ही घाईघाईने त्याच्याकडून फोन काढून घेतलात. का काढून घेतलात?

देस्पिनाबाईच्या डॉक्टरांना विचारलं मी. मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये, हातवारे करून. ते म्हणाले, इतके दिवस नुसता उभा राहत असेल तर दाखवायला हवं, हाडांचं असू शकतं, डोक्याचंही असू शकतं. थेंब दिलेत, मित्कोबरोबर पाठवतेय. रोज द्या. उन्हात बसवा, पाय उघडे ठेवा.

मला ठाऊक आहे कशामुळे झालं. आठ महिन्यांचं मूल अंगावरून तोडलं मी. बसमध्ये बसले तेव्हा तो तुमच्या कडेवरून माझ्याकडे झेपावत होता, पाय असे जोरजोरात झाडत होता. तोच जोर गेला त्याचा. माझ्यामागे यायला निघालेले पाय, मी नाही म्हटलं, ते थांबले. तुम्ही म्हणाल काहीतरी बडबडते ही. पण मी दिवसभर हेच बघते डोळ्यांपुढे.

रोटाचं सोडा आता. मला रोट नको, काही नको. कुणीही करा, कधीही करा, फक्त तो चालू दे. माझ्याच हट्टाला दृष्ट लागली. ताई, खरं काय ते लिहा. तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय, आणि ते मोठं आहे. इथे माझं मन लागत नाही आता. काही खरं नाही माझं.

इस्क्रा


कामेनिक
३१ मे १९९८

इस्क्रा! अगं इस्क्रा!

तो चालतो. अगं बाई, चालतो काय, पळतो! कोंबड्यांना जिणं नकोसं करून सोडलंय त्याने. बाकावरून नव्हता घसरला, पायरीवरून उडी मारायला गेला होता. फोन काढून घेतला कारण तो माझ्या हातातून निसटून पळत सुटला, आणि मला वाटलं तुला पावलं ऐकू जातील.

जानेवारीतच चालला तो. तू म्हणालीस ना, मी येईपर्यंत नको. आपल्याकडे रोट मोडल्याशिवाय मूल चाललं असं कुणी धरत नाही, म्हटलं, तर नाहीच चालला तो. गेओर्गीच्या सणापर्यंतचा प्रश्न होता. गावातल्या बायकांना तंबी दिली, मित्कोला दम दिला, इस्क्राला कुणी एक शब्द सांगायचा नाही. तू येशील, रोट करशील, अंगणात त्याला सोडू, तुझ्यासमोर चालेल, तुला वाटेल पहिल्यांदाच. काय बिघडलं असतं? मग तू ऑगस्ट म्हणालीस आणि माझ्या गळ्याशी आलं.

गिंकाकाकू रोज टोचते, रोट केला नाही म्हणून तो सारखा पडतो. पडतो कारण नेहमी पळतच असतो, चालत कधी नाही.

थेंब फेकून दिले. तू आता शांत हो. कुठे जाऊ नकोस, काही वेड्यासारखं करू नकोस. ऑगस्टपर्यंत रहा आणि मानाने ये. पोरगा ठणठणीत आहे. ऐकतेस ना?

वेलिका


प्लोव्हदिव
२० सप्टेंबर १९९८

वेलिकाताई,

तुमचं एकतीस मेचं पत्र मित्कोने मला परवा इथल्या बसस्थानकावर दिलं. व्होलोसला कुणी घेतलं नाही म्हणून परत आलेलं, न फोडलेलं. उन्हाळाभर त्याच्या गाडीत पडून होतं. ते पोचायच्या आत मी तिथल्या पोलिसांकडे जाऊन उभी राहिले होते. म्हटलं माझ्याकडे कागद नाहीत, मला हाकला. त्यांनी थानासिसकडून पासपोर्ट आणवला, उन्हाळा सरेपर्यंत मला अडकवून ठेवलं, मग त्यावर शिक्का मारला, आणि आता वर्षानुवर्षं मला तिकडे पाऊल टाकता येणार नाही. राहिलेला पगार बुडाला. हे सगळं मी एका पांगळ्या मुलासाठी केलं, जो पांगळा नव्हता.

तुमच्या अंगणातून मी पोरं सामानासकट उचलून इथे शहरात घेऊन आले, तुमच्याशी धड बोललेही नाही. एलीची शाळा सुरू होते म्हणून गेले असं गावाला सांगितलं. खरं कारण तुम्हांला कळलंच असेल. पण एक गोष्ट तुम्हांला माहीत नाही, तुम्ही तेव्हा आत होतात, ती लिहिते.

मी फाटकातून आत आले. एक मुलगा काठी घेऊन कोंबडीमागे लागला होता. केस उन्हाने पिवळे झालेले, गुडघे खरचटलेले. मला वाटलं शेजारचा कुणी. मी खाली वाकून त्याला विचारलं, "बाळा, आसेन कुठे आहे रे?"

माझ्याच मुलाला विचारलं मी, ताई. तो माझ्याकडे बघत राहिला. मग काठी टाकली आणि "आई, आई" ओरडत आत पळाला. तुम्ही एप्रनला हात पुसत बाहेर आलात, तो तुमच्या झग्यात तोंड खुपसून, आणि तेव्हा मला कळलं.

रोट मी मळला. तुम्ही म्हणालात, माझ्या मनासारखा होऊ दे. पांढरं कापड अंथरलं, टोकाला कात्री, पुस्तक, हातोडी मांडली, जे उचलेल तेच त्याचं पुढचं काम. मी रोट सोडला, तो त्याच्यामागे धावला. बायका ओरडल्या, काय उचलतो बघा, काय उचलतो बघा. त्याने कात्री उचलली नाही, पुस्तक नाही. रोटच उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला, आणि माझ्या शेजारून जाऊन तुमच्याकडे नेऊन दिला. तुमच्या हातात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

रोट चालत खायचा असतो. मी अंगणभर चालले आणि एक घास गिळला नाही.

तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत हे मला कळतं. तरी क्षमा करवत नाही. त्याचं पहिलं पाऊल मी तुमच्याकडे राखून ठेवायला दिलं होतं, आणि परत आले तर तो अख्खाच तुमचा झालेला.

एली बरी आहे. पत्र लिहिलंत तर तिला वाचून दाखवीन.

इस्क्रा


कामेनिक
४ ऑक्टोबर १९९८

इस्क्रा,

तू फाटकापाशी त्याला काय विचारलंस ते वाचलं आणि मी पत्र चुलीवर धरलं. मग नाही जाळलं. 

मी माफी मागणार नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुला द्यायची नाहीये, ते बरोबर आहे तुझं. पण एक गोष्ट तुझी आहे आणि ती माझ्याकडे अडकलीय, ती पाठवते.

जानेवारीत तो उठला. बाक सोडून, हात पसरून, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा. पाऊल उचलणार तेवढ्यात मी झडप घालून त्याला खाली बसवलं. हो, बसवलं. तू मागितलं होतंस. तो पुन्हा उठला, मी पुन्हा बसवलं. त्याला आधी गंमत वाटली, मग राग आला. दिवसभर हाच उद्योग. दुसऱ्या दिवशीही. मी घेवडा निवडत बसायचे आणि एक डोळा त्याच्यावर. एली म्हणाली, "आत्या, त्याला चालायचंय ना, का बसवतेस?" मी म्हटलं, आईसाठी ठेवायचंय. ती म्हणाली, "पण ते तर त्याचं आहे."

सहा वर्षांची पोरगी, इस्क्रा.

मग तो पुन्हा उठला तेव्हा मी बसवलं नाही. आधी उजवा पाय टाकला. जमीन गरम असावी तसा पटकन उचलला. मग डावा. जीभ बाहेर काढलेली, एका बाजूला. झिवकोही खिळा ठोकताना अशीच काढायचा, तुला आठवत असेल. मध्येच थांबला, खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि हसला. आवाज न करता हसला. मग उरलेला सगळा रस्ता पडत पडत धावला आणि माझ्या मांडीवर आदळला.

माझ्याकडे आला तो. मला सारखं वाटत राहिलं की हे तुझं आहे, तुझं आहे. आणि मी ते घेतलं. मला आयुष्यात कुणी असं धावत येऊन भेटलं नव्हतं. तुला लिहिलं नाही ते तुझ्यासाठी, असं गावाला सांगितलं, तुलाही सांगितलं. थोडं माझ्यासाठीही होतं. सांगितलं असतं तर ते तुझं झालं असतं. मला ते जरा दिवस माझ्याजवळच हवं होतं.

झालं. घे. आता माझ्याकडे तुझं काही उरलं नाही.

तंबाखू ह्या वर्षी बरी आहे. माळा ओवायला गिंकाकाकू येते, बडबड करते, मी ऐकते. रात्री अंथरुणावर पडले की अजून त्याच कुशीवर वळते, कान वर करून. सवय आहे, जाईल. एलीला गोड पापा. त्याला काही सांगू नकोस.

वेलिका


प्लोव्हदिव
१५ नोव्हेंबर १९९८

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी शिलाईच्या कामावर गेले नाही. घरातच बसून राहिले आणि आसेन चालत असताना त्याची जीभ बघत होते. खरंच बाहेर येते. मी इतके दिवस त्याच्याबरोबर राहून बघितलंच नव्हतं. मी फक्त एवढंच बघत होते की तो माझ्याकडे येतो की नाही.

येत नव्हता. हे मी तुम्हांला लिहिलं नव्हतं, मुद्दाम. इथे आल्यावर रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभा राहायचा. जिन्यात कुणाचीही पावलं वाजली की "आई!" म्हणून ओरडायचा, आणि मी मागून "काय रे राजा" म्हटलं की माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की ह्या बाईला कुणी बोलावलं. झोपताना माझ्या कानाला हात लावायचा आणि सोडून द्यायचा. मी कूस बदलायचे. एली त्याला गोष्ट सांगायची.

मग दाराशी जाणं कमी झालं. मग थांबलं. मी देवाचे आभार मानले, मेणबत्ती लावली.

गेल्या रविवारी मी भांडी घासत होते. मागून येऊन त्याने माझा झगा ओढला आणि म्हणाला, "आई, पाणी." माझ्याकडे बघून म्हणाला. दाराकडे नाही. मी खाली बसले, त्याला घट्ट धरलं, साबणाच्या हातांनीच. ह्या एका शब्दासाठी मी काय काय केलं, ताई! आनंद झाला, खोटं कशाला बोलू. खूप झाला. लगेच तुम्हांला पत्र लिहायला घेतलं, आणि त्यात पहिलं वाक्य तुम्हांला दुखवायचं होतं, तेही खरं.

तेवढ्यात एलीने त्याला विचारलं, "आसेन, आत्या कुठे आहे? वेलिकाआत्या?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या नावाचं काही नव्हतंच त्याच्यापाशी. पेला पुढे करून पुन्हा म्हणाला, "पाणी." एली आतल्या खोलीत गेली आणि उशीत तोंड घालून रडली. कधी न रडणारी माझी पोर. मी तिथेच फरशीवर बसून होते, आणि मला कळलं की गेल्या वर्षी ह्याच वेळी तुमच्या स्वयंपाकघरात माझं असंच झालं असेल. असाच एखादा दिवस, मी पुसली गेले तो. तुम्ही तो बघितला असेल आणि मला लिहिला नाहीत.

पहिलं पत्र फाडून टाकलं. हे दुसरं आहे.

तुम्ही या. नाताळाची वाट बघू नका, तंबाखू विकेपर्यंत थांबू नका. माळा गिंकाकाकूच्या गळ्यात घाला. खोली एकच आहे, पलंग एकच आहे, आपण चौघं आडवे झोपू. राहायचं असेल तितकं राहा, कायमच्या राहिलात तरी माझी हरकत नाही. मी अजून रागावलेली आहे, ते तसंच असेल, भांडू आपण. पण या.

मित्को शुक्रवारी तिकडून निघतो, त्याच गाडीने या. पुढच्या शुक्रवारच्या नको. अजून वर्षादोनवर्षाचं पोर आहे ते, ताई. ह्या वयात माणूस विसरायला किती दिवस लागतात, ते माझ्याशिवाय तुम्हांला कोण सांगणार?

तुमची,
इस्क्रा